खळ्यात गेलेला बॉल

बाहेरचा बॉल ओढून मारायचा की नाही, ह्यावरून शिमग्याच्या आधी माझा आणि माझ्या लेकीचा अबोला झाला. ऐकणाऱ्याला हसू येईल. नवरा जाऊन वर्षसुद्धा झालेलं नाही, घरात माणसं दोनच, आणि त्या दोघी बेसबॉलच्या एका फटक्यावरून एकमेकींना चटणीसुद्धा मागत नाहीत. शेजारच्या काकू दारातून डोकावल्या. "काय गं, एवढी शांतता?" मी म्हटलं, "टीव्ही बिघडलाय." टीव्ही चांगला होता.

आधी तो फटका काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं वाऱ्यावर जाईल. पिचर बॉल टाकतो, बॅटर मारतो, मारला की पळायचं. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं खांदा फिरवून बॅट ओढली की बॉल डावीकडं जातो. अंगाजवळ आलेल्या बॉलला ते झकास. पण पिचर शहाणा असला तर तो बॉल अंगापासून लांब, बाहेरच्या कडेनं टाकतो. तोही ओढायला गेलं की बॅटचं नुसतं टोक लागतं, मनगट उलटतं, आणि बॉल जमिनीवरून सरपटत समोरच्या पोरीच्या हातात जातो. ती निवांत उचलते, आपण पळत पोचायच्या आत फर्स्ट बेसला फेकते, आपण आऊट. त्यापेक्षा बॉल आणखी जरा आत येऊ द्यायचा, बॅट उशिरा घालायची आणि उजवीकडं काढायचा. एवढंच आहे ते. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी राहून लोकांना "हे नीट दिसतंय, का हे?" विचारणाऱ्या बाईला हे कळतं, कारण एवढी वर्षं मी बेसबॉलवाल्याच्या घरात पोळ्या लाटल्यात.

माझे हे साताऱ्यात एका शाळेत पीटीचे सर होते. जूनमध्ये, शाळा उघडायच्या दिवशी सकाळी, खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधता बांधता गेले. एक बूट पायात, एक हातात. मी आतून ओरडतेय, "चहा गार होतोय," आणि बाहेरून उत्तर नाही.

तेव्हापासून मला काही होईनासं झालं. दाताचा डॉक्टर सुई देतो ना, मग गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं. लोक आले, रडले, मी त्यांना पाणी दिलं. दिवसकार्य झालं. महिन्याभरात ह्यांचे कपडे मी गठ्ठा बांधून देऊन टाकले, ट्रॅकसूट शाळेतल्या शिपायाला दिले. "किती धीराची बाई!" म्हणायचे सगळे. मला त्या शब्दाचा इतका राग यायचा! धीर कसला डोंबलाचा? धीर धरायला आधी काहीतरी दुखावं लागतं. मी कामावर जात होते, भाजी निवडत होते, गॅसचा नंबर लावत होते. रविवारी डोक्यावरून आंघोळ करत होते. बस्स.

लेक अकरावीला. तिचा हात बापाचा. ती चालायला लागली तेव्हापासून हे तिला मैदानावर न्यायचे, आणि तिथं दिवसभर एकच आरोळी: "ओढ! खांदा उघड आणि ओढ!" सगळ्याच पोरांना ते तसंच शिकवायचे. म्हणायचे, लहान वयात जोर तिकडंच लागतो, पोरांना बॉल लांब गेलेला दिसला पाहिजे, तरच ती दुसऱ्या दिवशी मैदानावर येतात. आणि त्यात तथ्य होतं. शाळाशाळांच्या सामन्यांत कुठला पिचर बाहेरच्या कडेवर नेम धरून टाकतोय? बॉल मधोमध यायचे, पोरं ओढायची, ढाल घेऊन घरी यायची. आमच्या शोकेसमध्ये त्या ढालींची धूळ मीच पुसत आलेय.

हे गेल्यावर लेक जिल्ह्याच्या मुलींत खेळायला लागली. तिथं नव्या मॅडम. वयानं लहान, केस बारीक कापलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. सरावाच्या सामन्यात पाटणची एक उंच पोरगी पिचर होती. तिनं पहिल्या दोन बॉलमध्ये माझ्या लेकीचं पाणी जोखलं आणि मग सगळे बॉल बाहेर, बाहेर, बाहेर. माझी लेक ओढतेय आणि बॉल सरपटतोय. प्रत्येक वेळी आऊट. पाटणची ती पोरगी शेवटी हसायलाच लागली. मी कठड्यावर बसून शेंगा खात होते. पोटच्या पोरीची अशी फजिती होतेय आणि मी शेंगा सोलतेय, हे मला कळत होतं. तरी शेंग गोड लागत होती.

सामना संपल्यावर मॅडम माझ्याकडं आल्या. "काकू, हात सोन्याचा आहे तिचा. पण बाहेरचा बॉल ओढायची सवय सोडली नाही तर मी तिला विभागाच्या स्पर्धेला खेळवू शकत नाही. शिमग्याची सुट्टी संपली की संघ जाहीर करायचाय. मी सांगून थकले. ती माझं ऐकत नाही."

"का ऐकत नाही?"

"म्हणते, पप्पांनी असंच शिकवलंय."

घरी येऊन मी भात टाकला आणि कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये तिला म्हटलं, "मॅडम म्हणतात तसं करून बघ की. काय बिघडतंय?"

ती ताडकन उभी राहिली. "मी पप्पांचा शॉट सोडणार नाही. संघ सोडीन."

"अगं, शॉट आहे तो. शपथ नाही."

"तुला काय? तू त्यांचे कपडे देऊन टाकलेस. बूट देऊन टाकलेस. माझ्याकडं हे एवढंच उरलंय, तेपण देऊन टाकू?" आणि मग, हळू आवाजात, "तू रडलीस तरी का गं एकदा?"

खरं होतं ते. कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बारीक केला. तिनं बॅट पिशवीत घालून पिशवी कपाटावर टाकली आणि त्या दिवसापासून ती मैदानावर गेली नाही. बोलणंही बंद. मला भीती वाटायला हवी होती. बाप गेला, आता खेळ चालला, मग पोरीकडं राहणार काय? हे मी मनात मांडत होते, पण गणित मांडावं तसं.

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती, जी तिला ठाऊक नव्हती. हे असं ओढायला शिकले कुठं आणि कुणामुळं, ते. ते सगळं माझ्या बापाच्या हळदीमुळं झालं होतं.

माझं माहेर सांगलीपासून एसटीनं अर्ध्या तासावर. आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हळदीचा धंदा. घराच्या मागं मोठं खळं, आणि खळ्याला लागून गावच्या शाळेचं मैदान. मध्ये कमरेएवढी दगडी भिंत. शाळेतल्या एका हौशी सरांनी पोरांना बेसबॉल शिकवला, आणि मैदान असं पडलं होतं की बॅट घेऊन उभं राहिलं की उजव्या अंगाला आमचं खळं. थंडी सरता सरता शिजवलेली हळद तिथं वाळत पडायची, ती पार उन्हाळ्यापर्यंत. बॉल आला की पोरं भिंतीवरून उडी मारायची आणि बुटांनी हळद तुडवत पळायची. आण्णांचा राग नाकावर. एकदा त्यांनी तुडवणाऱ्या पोराचा कान धरून त्याला मैदानभर फिरवलं आणि शाळेला कायदा सांगितला: "खळ्यात बॉल ग्येला की मारणारा आऊट. भितीवरनं उडी मारायची न्हाई. ज्यानं मारला त्यानंच गल्लीतनं वळसा घालून म्होरल्या दारात यायचं, बूट हातात घ्यायचं, आन् माझ्याम्होरं हुभं ऱ्हाऊन मागायचा. दुसऱ्या कुणाला द्यायचो न्हाई."

आण्णांच्या समोर उभं राहणं म्हणजे काय, हे त्या पोरांना विचारावं. शाळेचा बॉल उजवीकडं जायचाच बंद झाला. बाहेरचा असो, आतला असो, पोरं डोळे मिटून डावीकडं ओढायची. हळद नसली, खळं रिकामं असलं, तरी ओढायची. मोठी पोरं बारक्यांना तेच शिकवायची. गावाबाहेर सामन्याला गेली की लोक हसायचे, "ह्या गावाला उजवी बाजूच न्हाई वाटतं." त्या मैदानावर जो तयार झाला तो ओढणाराच झाला. माझे हे त्यातलेच. पुढं साताऱ्याला नोकरी लागली, मैदान बदललं, तिथं ना भिंत ना हळद, तरी आरोळी तीच. आणि ती आरोळी माझ्या लेकीनं देवाचा शब्द म्हणून धरून ठेवलेली.

हे तिला सांगायलाच हवं होतं. शिमग्याच्या सुट्टीला आम्ही माहेरी निघालो. अबोला होता तरी आज्जाकडं जायला ती तयार झाली. बॅटची पिशवी मीच कपाटावरून काढली आणि माझ्या सामानात घातली. कराडच्या स्टँडवर एसटी थांबली, मी दोन वडापाव घेतले आणि तिच्या हातात एक कोंबून सगळं सांगितलं. हळद, भिंत, आण्णांचा कायदा, सगळं.

ती चावायची थांबली. "म्हणजे पप्पा घाबरून तसं मारायचे? आज्जाला?"

"सगळेच घाबरायचे."

"पप्पा नाही घाबरायचे कुणाला."

इथं मला थोडं थांबावं लागलं, कारण पुढचं मी कुणालाच कधी सांगितलेलं नव्हतं. आईलाही नाही.

"बरोबर," मी म्हटलं. "तो नव्हता घाबरत." तेव्हा हे माझ्यासाठी 'हे' नव्हते, 'तो' होता. शाळा संपवून सांगलीला पीटीचा कोर्स करत होता आणि संध्याकाळी गावातल्या पोरांत खेळायला यायचा. मी कॉलेजला. आमच्या घरी जेवण दिवस मावळायच्या आत. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, आण्णा ताटावर, मी वाढतेय. आणि आण्णा एकदा जेवायला बसले की आभाळ कोसळलं तरी ताटावरून उठायचे नाहीत, अन्नाचा अपमान होतो म्हणून. नेमक्या त्या वेळेला खळ्यात धप्प आवाज व्हायचा. पाठोपाठ दारावर थाप. आण्णा घास न सोडता म्हणायचे, "बघ गं, कोण हाय."

मी दार उघडायची. तो उभा. बूट हातात, पाय धुळीनं माखलेले. "बॉल आलाय का?"

मी खळ्यातून आणून द्यायची. हळदीत लोळून बॉल पिवळाजर्द झालेला असायचा. देताना बोटं पिवळी व्हायची, माझी पण, त्याची पण. असं एकदा झालं, दोनदा झालं. मला वाटायचं, काय वेंधळा खेळाडू आहे, रोज आऊट होतोय. मी एकदा तोंडावर म्हटलंसुद्धा, "तुम्हाला डावीकडं मारता येत नाही का?" तर म्हणाला, "येतं की. पण आता बाहेरचा आला होता." माझ्या डोक्यात प्रकाश पडायला बरेच दिवस गेले. एक मैत्रीण माझी बोटं बघून म्हणाली, "बया, हिला लग्नाआधीच हळद लागली की!" तेव्हा कुठं मला कळलं.

एसटी सुटली. लेक खिडकीबाहेर बघत होती. उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एका मागोमाग एक. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "खोटं."

"काय खोटं?"

"मॅडमनी तुला सांगितलं म्हणून तू गोष्ट रचलीस. मी तसं मारावं म्हणून. पप्पांना तो शॉट येत होता, तर त्यांनी मला का नाही शिकवला?"

हा प्रश्न मीही ह्यांना एकदा विचारला होता. नवीन लग्न झालेलं, साताऱ्याच्या मैदानावर पोरं ओढून ओढून आऊट होत होती. मी म्हटलं, तुम्ही तो खळ्यातला का शिकवत नाही ह्यांना? तर हे हसले. म्हणाले, "तो शिकवून येत नाही. त्याला भिंतीपलीकडं कुणीतरी लागतं." चेष्टाच ती. पण माझ्या लेकीला ते काही मला सांगवेना. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, हेपण रचलंस. मी म्हटलं, "विचारायला हवं होतंस त्यांना," आणि ते शब्द बाहेर पडल्यावर माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आण्णा आता थकलेत. आई जाऊन बरीच वर्षं झाली. धंदा माझे चुलतभाऊ बघतात, पण खळ्यात हळद पडली की आण्णा दिवसभर कडेला खुर्ची टाकून बसतात आणि बायकांना उगाच सूचना देतात. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. शिजलेल्या हळदीचा तो जडसर वास. मी पिशव्या ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसले. लेक मागं, दाराच्या चौकटीला टेकून. भिंतीपलीकडं मैदानावर पोरी खेळत होत्या. आता गावातल्या पोरी पण खेळतात.

आण्णांनी तिच्याकडं बघितलं. "का गं, खेळाय जायची न्हाईस व्हय?"

"नाही. मी सोडलं."

"का?"

मीच सांगितलं, थोडक्यात. मॅडम काय म्हणतात, ही काय म्हणते. दाराशी बॉल मागायला येणारा तो, त्यातलं काही मी बोलले नाही. बापाला सांगायची गोष्ट आहे का ती?

आण्णांनी सगळं ऐकलं आणि पान थुंकावं तसं तोंड केलं. "बाहेरचा बॉल? तुझ्या बापाला येत न्हवता म्हणतीस? आगं, सगळ्या गावात त्यो एकटाच मारायचा हिकडं. बरोबर माझ्या खळ्यात. आन् कवा? तर म्या जेवाय बसलो की." ते माझ्याकडं वळले. त्या थकलेल्या तोंडावर असं हसू मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. "तुला काय वाटलं, आण्णाला कळत न्हाई? रोज ताटाच्या येळंलाच पडायचा. यवढी अक्कल बॉलला असती व्हय?"

माझे कान तापले. ह्या वयात, बापासमोर, लेकीसमोर! आणि मला सुईच्या टोकाएवढं काहीतरी टोचल्यासारखं झालं, छातीत, डाव्या बाजूला.

"मग तुम्ही काही बोलला नाहीत कधी," मी म्हटलं.

"बोलून काय करायचं हुतं? पोरगं उडी मारून येत न्हवतं. वळसा घालून दारातनं येत हुतं, बूट हातात घिऊन. म्हणलं, येऊ दे."

लेक चौकटीपासून पुढं आली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पण खाली, आण्णांच्या खुर्चीजवळ बसली.

"गेल्या शिमग्याला बी मारला की त्यानं," आण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "कुणी?"

"आता कुणी! त्यानंच. तुमी आला हुता न्हवं? तू हिला घिऊन बाजाराला ग्येली हुतीस. हे गडी त्या पोरींत खेळाय गेलं. म्या ताटावर. आन् धप्प. तवा घरात दुसरं कोण न्हवतं, दारावर थाप पडली, म्हणून मीच उठलो. आयुष्यात पयल्यांदा ताटावरनं उठलो बघ. दार उघडलं तर ह्यो हुभा. यवढा बाप्या झाला, केस पांढरं झालं, आन् बूट हातात! म्हणतो कसा, 'आण्णा, बॉल आलाय का?' म्या म्हणलं, पोरगी घरात न्हाई, मग ये."

लेक फिसकन हसली. मग दोन्ही हातांनी तिनं तोंड झाकलं.

"लय हसला त्यो. म्हणला, 'ऱ्हाऊ द्या मग. पुढच्या येळंला येतो न्यायला.'" आण्णांनी मानेनंच घराकडं दाखवलं. "हाय आत. देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात."

मी उठले नाही. लेकच आत गेली आणि आली ती बॉल घेऊन. चामडं वाळून कडक झालेलं, शिवणीत हळद बसलेली, सगळा पिवळा. वर्षभर तो तिथं होता. दिवाळीला मी त्या घरात राहून गेले, त्या देव्हाऱ्यात दिवा लावला, आणि माझं लक्षसुद्धा गेलं नाही.

"तुम्ही मला सांगितलं का नाही, आण्णा?"

"कसं सांगू? तू रडंनास. रडली असतीस तर सांगितलं असतं."

पलीकडं पोरींचा आरडाओरडा चालला होता. लेक बॉल दोन्ही हातांत धरून उभी होती. "मी नेऊ हा, आज्जा?"

आणि आमचे आण्णा! पिकलं पान, डोळ्यांत पाणी आलेलं, पण कायदा तो कायदा. त्यांनी हात पुढं केला आणि बॉल परत घेतला. "न्हाई. ज्यानं मारला त्यानंच न्यायचा."

"ते कसे येणार आता?"

"मग तू मार. मारशील तर मागाय ये." आणि तो बॉल त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला.

लेकीनं माझ्याकडं बघितलं. किती दिवसांनी सरळ बघितलं तिनं. मी पिशवीतून बॅट काढून दिली. तिनं काही विचारलं नाही, भिंतीकडं निघाली. आण्णा ओरडले, "भितीवरनं न्हाई! दारातनं जा!" ती मागं फिरली आणि गल्लीतून पळत गेली.

मी भाकरी करायला बसले. चुलतभावाची बायको करत होती, पण मी तिला उठवलं, मला हातांना काहीतरी हवं होतं. स्वयंपाकघरातून खळं दिसतं, मैदान दिसत नाही, नुसता आवाज येतो. बॅटचा टणत्कार, मग पोरींचा ओरडा. "शॉर्टला! शॉर्टला!" म्हणजे डाव्या अंगाच्या पोरीकडं, म्हणजे ओढला. परत टण्. परत शॉर्टला. कुणीतरी म्हणालं, "आगं, यिऊ दे की त्याला आत, घाई का करतीस?" परत ओढला. खाण तशी माती. हट्टी बापाची हट्टी लेक. माझ्या तीन भाकरी करपल्या. मी परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, आणि नुसती मळत बसले. मला कळत होतं की मी दात आवळून धरलेत. ती त्याच पोरींना बॉल बाहेर टाकायला सांगत असणार, बाहेर, आणखी बाहेर. आणि मी चुलीपुढं बसून म्हणत होते, मोठ्यानं म्हणत होते, "उशिरा गं. उशिरा मार. येऊ दे त्याला."

ऊन उतरलं. आण्णांचं ताट वाढलं. ते बसले, पाणी फिरवलं, पहिला घास घेतला. खिशात बॉलचा फुगवटा तसाच. मी आमटी वाढायला वाकले आणि बाहेर आवाज झाला.

धप्प.

हळदीवर बॉल पडल्याचा आवाज वेगळा असतो. मातीवर पडल्यासारखा नाही, दगडावर पडल्यासारखा नाही. तो मी कुठंही ओळखीन. माझ्या हातातली पळी तिथंच राहिली. आण्णांनीही हात थांबवला. पलीकडं मैदानावर कुणीच ओरडत नव्हतं. मग गल्लीतून पळत येणारी अनवाणी पावलं, आणि दारावर थाप.

आण्णा ताटावरून उठले नाहीत. मान खाली घालूनच म्हणाले, "बघ गं, कोण हाय."

मी गेले. दार उघडलं. ती उभी होती, बूट हातात, पाय धुळीनं माखलेले, धापा टाकत.

"बॉल आलाय का?"

मला 'आलाय' म्हणायचं होतं. मी उंबऱ्यावर खाली बसले आणि जूनपासूनचं सगळं एकदम वर आलं, मोठ्यानं, गुरासारखं, शेजारची दारं उघडेपर्यंत. लेकीनं बूट टाकले आणि माझं डोकं पोटाशी धरलं. आतून आण्णा ताट सोडून आले होते. माझ्या पाठीमागं उभे राहिले आणि खिशातला पिवळा बॉल काढून तिच्या हातात दिला.